पाऊण इंची पाइप आणि तेरा चाव्या

मी क्लॅरिनेटची बोटं आधी शिकले आणि क्लॅरिनेट नंतर घेतला. मधले तीन महिने माझ्याकडे फक्त एक पाऊण इंची पांढरा पाइप होता.

पप्पांचं बुलढाण्यात पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम, वर आम्ही राहतो. गोदामात तुकडे कायम पडलेले असतात. कोणी वीस फुटांतले चौदा फूट नेतं, कोणी अठरा, उरलेलं कोपऱ्यात उभं राहतं. त्यातला हातभर तुकडा मी उचलला. आधी अर्धा इंची घेतला होता, पण तो बोटांना बारीक लागायचा. पाऊण इंची बरोबर बसला. त्यावर काळ्या मार्करने पुढे सहा गोल काढले, मागे अंगठ्यासाठी एक, आणि करंगळ्यांच्या चाव्या लाल मार्करने. फोनवरच्या व्हिडिओंत एक बाई इंग्रजीतून शिकवायची. ती सांगेल तशी मी पाइपावर बोटं ठेवायची आणि उचलायची. आवाज अर्थातच काही यायचा नाही. तेव्हा मला ती सोय वाटायची.

क्लॅरिनेटच का, हे मला नंतर बऱ्याच लोकांनी विचारलं. खरं उत्तर माझ्या कामात आहे. मी घरी बसून व्हिडिओंना इंग्रजी सबटायटल्स लिहिते. बोलणं तर लिहायचंच, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहायचे असतात. दार वाजलं. दूर कुत्रा भुंकतोय. कोणीतरी जिना चढतंय. एकदा एका म्हाताऱ्या शिंप्यावरचा लघुपट आला. शिंपी काज करत होता आणि मागे एक वाद्य वाजत होतं. कोणतं, ते मला लिहायचं होतं. मी तेवढाच भाग सात-आठ वेळा ऐकला. आवाज ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. मग एकदम लक्षात आलं की आमच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक वरातीत हाच असतो, ताशाच्या वर चढलेला, घोड्याच्या पुढे. तिथे तो ओरडत असतो. इथे तो एकटा होता आणि हळू आवाजात कोणाला तरी काहीतरी नीट समजावून सांगत होता. मी तो शब्द लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेले. पण संध्याकाळी काम संपल्यावर तो भाग परत लावून ऐकला, तेव्हा काही लिहायचं नव्हतं.

मला बोलताना वाक्य आधी मनात लावून घ्यायची सवय आहे. तोवर विषय पुढे गेलेला असतो. घरी सगळे वऱ्हाडी बोलतात, शाळेत त्याला हसायचे, म्हणून मी दोन्हीकडे मोजकंच बोलायला शिकले. त्यामुळे पाइपाची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही. ती एका गिऱ्हाइकामुळे कळली.

"काऊन व बाई," पप्पा पाइप हातात घेऊन जिना चढून आले, "ह्या पायपाले हे टिपके कोणं देल्ले? गिऱ्हाइकाले तुकडा दाखवाले गेलो त तो म्हणते, डिझाइनचा नको, साधा द्या."

"माझा आहे तो."

"तुहा? कायले?"

मी सांगितलं. थोडक्यात, पण सगळं. पप्पांनी पाइप उलटसुलट पाहिला. मग तोंडाला लावून एक फुंक मारली. हवा सरळ पलीकडे गेली.

"वाजत त नाही."

"पप्पा, तो नुसता पाइप आहे."

"पाइप कोणता आन् काय, ते मले नको सांगू." ते जरा वेळ लाल चाव्यांवरून बोट फिरवत बसले. "मंग खरा घेऊ ना. पायपाचं दुकान आपलं, आन् पोरगी खोट्या पायपावर शिकून राह्यली. लोक म्हणतीन तरी काय!"

मम्मी आतून म्हणाली, "लोक त खऱ्यानंही म्हणतीन. वरातीत वाजवणार हाय का ती?"

"वाजवली त वाजवली. घोडा मी धरतो," पप्पा म्हणाले.

पप्पांचा माल मलकापूरला ट्रान्सपोर्टवर उतरतो. दर शनिवारी ते टेम्पो घेऊन घाट उतरतात. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या शेजारी बसले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाद्यांचं एक दुकान आहे. छताला ढोलक्या टांगलेल्या, काचेत हार्मोनियम, आणि वरच्या फळीवर बँडवाल्यांच्या लाल-सोनेरी टोप्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. भजनी मंडळाच्या तीन-चार बायका टाळ निवडत होत्या. एकेक जोडी वाजवायच्या, कान लावायच्या, बाजूला ठेवायच्या. दाराजवळच्या स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर वेताच्या चपट्या पट्ट्यांचा डबा होता, बोटाएवढ्या. एकेक पट्टी ते दारातल्या उजेडात धरून पाहायचे, आणि दहातली नऊ परत ठेवायचे. क्लॅरिनेटच्या टोकाला बांधतात त्या या पट्ट्या. फोनवरच्या बाईने त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं होतं. दुकानात त्यांना पत्ती म्हणत होते.

"कोणासाठी पाह्यजे?" दुकानदाराने पप्पांना विचारलं.

"पोरीले."

"गॅदरिंग हाय का?"

"नाही. असंच."

असंच या शब्दावर दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याने दोन पेट्या काढल्या. एकीत नवा, चकचकीत क्लॅरिनेट होता, चाव्याच चाव्या असलेला. दुसरीतला अंगाने जरा जड, चाव्या कमी आणि जाड.

"हा सतरा चाव्यांचा. ऑनलाइन शिकणारे, मोठ्या शाळेवाले हाच नेतात. आन् हा तेरा चाव्यांचा, जुन्या पद्धतीचा. आपल्याकडले बँडवाले याच्याशिवाय दुसऱ्याले हात लावत नाहीत. बोटं दोघांची थोडी वेगळी हायेत. वाजवून पाहा."

माझ्या पाइपावरची बोटं सतरावाल्याची होती, हे मला त्याच्या चाव्या पाहूनच कळलं. मी तो नवा उचलला. हातात धरल्याबरोबर बोटं आपापल्या जागी गेली, आणि मला इतका आनंद झाला की मी तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून खाली पाहिलं. पण वाजवायचं म्हणजे फुंकायचं, आणि फुंकायचं म्हणजे त्या टाळवाल्या बायका, दुकानदार, दारातले म्हातारे, सगळ्यांसमोर.

"नको," मी म्हणाले. "असाच पाहते."

तोवर पप्पांनी तेरा चाव्यांच्या पेटीतला मधला तुकडा उचलला होता. भोकं बोटांनी झाकली, एक टोक तळहातावर दाबलं आणि दुसऱ्या टोकाला ओठ लावून हवा आत ओढली. मग ओठ सोडले. टप् असा आवाज झाला.

दुकानदार पाहतच राहिला. "भाऊ, बोअर टेस्ट करून राह्यले का?"

"लीकेज पाह्यतो. पाणी असो का हवा असो, नियम एकच हाय." त्यांनी सगळे तुकडे तसेच तपासले, दोन्ही पेट्यांतले. "हा नवा एकदम टाइट हाय. ह्या जुन्या पद्धतीवाल्याची ही जोडणी ढिली वाटते. तुकडा फिरते पाहा."

"तुम्ही माऊथपीसले तोंड लावलं नाही, हे बरं केलं," दुकानदार म्हणाला. "त्याले तोंड लावलं का ते घ्याच लागते. दुसऱ्याच्या तोंडाचं कोणी नेत नाही."

स्टुलावरचे म्हातारे हसले. तोवर मी नवा क्लॅरिनेट परत हातात घेतला होता आणि तोंडाला न लावताच बोटं चालवून पाहत होते. मला वाटलं होतं की कोणाचं लक्ष नाही.

"बोटं त चालून राह्यली तुही, बेटी," ते म्हणाले. "कोणं शिकवलं?"

"फोनवर."

"फोनले हात असतात का?"

टाळवाल्या बायका हसल्या. मलाही हसू आलं.

दुकानदाराने ओळख करून दिली. ते रोहिणखेडचे बँडमास्तर, चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतात. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. लग्नं आता बहुतेक कीबोर्डच्या गाड्यांनी घेतली, पण एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक आणि गणपती मास्तरांशिवाय होत नाही. मास्तरांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत त्यांचं स्वतःचं माऊथपीस होतं, दातांनी वरच्या बाजूला दोन खड्डे पडलेलं. ते त्यांनी आधी नव्यावर बसवलं, मग तेरा चाव्यांच्यावर, आणि दोन्हीवर एकच लांब सूर धरला. दुकानातले टाळ थांबले. मी दिवसभर आवाजांना शब्द देते, पण त्या सुराला मला शब्द सापडला नाही. दोन्हींतला फरकही कळला नाही. मला फक्त एवढंच कळलं की शिंप्याच्या मागे वाजत होतं ते हेच, आणि ते हातभर अंतरावरून ऐकताना छातीत जाणवतं.

"कोणता चांगला?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"काऊन जी?" पप्पा म्हणाले. "तुमचा धंदा हाय हा."

"म्हणूनच. उद्या वाजला नाही त पोरगी मले शिव्या देईन." त्यांनी माऊथपीस पुसून परत रुमालात बांधलं. "आमच्यात वाजवल्याबिगर वाजा नेत नाहीत, भाऊ. माह्या बापानं मले तीन वाजे फुकाले लावले होते, तिन्ही परत केले, चौथा ठेवला. तिच्या फुंकेचा कोणता, हे तिच्या फुंकेलेच ठाऊक. तिनं फुकलंच नाही त कसं कळणार?"

मग ते माझ्याकडे वळले. "एवढं सांगतो. ह्या सतरावाल्याची बोटं मले येत नाहीत. तो घेतला त तुहा फोन हायेच. तेरावाला घेतला त मी दाखवीन, रविवारी घरी यायचं. आज दोन्ही नको घेऊ. आज नुसतं माऊथपीस ने आन् दोन पत्त्या. दोघांलेही तेच बसते. त्याच्यातून एक सूर सरळ निघाला का ये. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पत्त्या घ्याले येतोच. तवा फुक आन् घे."

अशा रीतीने क्लॅरिनेट घ्यायला गेलेली मी क्लॅरिनेटचं नुसतं टोक घेऊन घरी आले. मम्मीने डबी उघडून पाहिली. "बाकीचं मागून येणार हाय का?"

नुसतं माऊथपीस फुंकलं की बदकासारखं ओरडतं. हे फोनवरच्या बाईने सांगितलं होतं, पण तिचं बदक सभ्य होतं. माझं पहिल्या दिवशी वाजलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाजलं तेव्हा मम्मीच्या हातातला झारा खाली पडला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "तुमच्याइथं कोणाले दमा हाय का व?" खालचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा असतो. पहिले काही दिवस मी तो इतका चावायची की आतून सोलला. मम्मी रोज रात्री वाटीत थोडं तूप आणून द्यायची आणि लगेच आत निघून जायची. तिचा विरोध आणि तिचं तूप एकाच वेळी चालू होतं.

शेवटी मी गोदामात गेले. तिथे पाइप आडवे रचलेले असतात, वीस-वीस फुटांचे, अर्ध्या इंचापासून चार इंचांपर्यंत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मी त्यांच्यासमोर खुर्ची ठेवून बसले. बाहेर गिऱ्हाइकं असायची. माझं बदक ओरडलं की कोणीतरी विचारायचं, आणि पप्पांचा आवाज यायचा, "काही नाही, टेस्टिंग चालू हाय." एकाने म्हणे त्यावर विश्वास ठेवून दुप्पट माल नेला.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आवाज किंचाळला नाही. तो सरळ निघाला, काठीसारखा, आणि माझा श्वास संपेपर्यंत तसाच राहिला. मी थांबल्यावरही गोदामात क्षणभर काहीतरी वाजत होतं. मला वाटलं भास झाला. परत फुंकलं, थांबले, ऐकलं. पाइपांतून येत होतं, अगदी बारीक, कुठल्या तरी एका मापाच्या पाइपातून. मी उठून एकेका पाइपाला कान लावला, पण तोवर ते विरून गेलं होतं. त्या दिवशी मी जेवताना आपणहून बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण पप्पा आणि मम्मी दोघांनीही माझ्याकडे वर मान करून पाहिलं हे आठवतं.

कोणता घ्यायचा ते मी तोवर ठरवलं होतं. सतरा चाव्यांचा. तीन महिन्यांची बोटं त्याची होती, पप्पांच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता, आणि मुख्य म्हणजे तो घेतला की कोणाच्या घरी जावं लागणार नव्हतं. एकदा दुकानात फुंकायचं, बस. मग मी, फोन आणि गोदाम. दर रविवारी अनोळखी घरात जायचं, चहा घ्यायचा, विचारतील त्याची उत्तरं द्यायची, चुकलं की कोणाच्या तरी डोळ्यांसमोर चुकायचं, हे सगळं टळणार होतं.

फक्त एक गोष्ट टोचत होती. फोनवरची बाई प्रत्येक धड्याच्या शेवटी तिच्या इंग्रजीतून "शाब्बास, खूप छान!" असं म्हणायची. एक दिवस धडा चालू असताना मी पोहे खात होते. पाइप मांडीवर पडलेला होता, एकही बोट हललं नव्हतं. धडा संपला आणि ती तितक्याच आनंदाने म्हणाली, शाब्बास, खूप छान. मी चमचा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. याआधीच्या सगळ्या शाब्बास माझ्याच होत्या का, याचा त्या दिवसापासून मला भरवसा वाटेना.

पहिल्या शनिवारी आम्ही परत मलकापूरला गेलो. घाट उतरताना पप्पा पाइपांच्या भावाबद्दल बोलत होते आणि मी ओठ आत ओढून बघत होते, पुरेसा ओलसर आहे का ते. मास्तर स्टुलावर होते, मांडीवर पत्त्यांचा डबा. या वेळी टाळवाल्या बायका नव्हत्या. त्याऐवजी एका बँडची तीन पोरं ताशाचं पान बदलून घ्यायला आली होती. म्हणजे माझं फुंकणं काही सोपं झालं नव्हतं.

"निघाला का सूर?" मास्तरांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

दुकानदाराने दोन्ही पेट्या काढल्या. मी आधी सतरावाला जोडला, माझं माऊथपीस त्यावर बसवलं, आणि टांगलेल्या ढोलक्यांकडे तोंड करून उभी राहिले. पाठ सगळ्यांकडे. मी फुंकलं. पहिला सूर हलला, दुसरा आला, मग मी खालून वर सरळ सात सूर चढले. बोटं चोख पडली. ढोलक्यांच्या चामड्यांवर मला तो आवाज आपटल्यासारखा वाटला. पप्पांनी मागे खाकरल्याचं ऐकू आलं. आनंद झाला की ते तसंच करतात.

"बरं हाय," मास्तर म्हणाले. "फोननं इमानदारीनं शिकवलं म्हणायचं. आता हा."

खरं म्हणजे माझं ठरलं होतं. पण एक वाजवून दुसरा न वाजवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी माऊथपीस काढून तेरावाल्यावर बसवलं. तो खरंच जड होता. उजव्या अंगठ्यावर सगळा भार येत होता. मी खालून सुरुवात केली. पहिला सूर बरा, दुसरा बरा, आणि तिसऱ्याला पाइपावर हजार वेळा ठेवलं असेल ते उजव्या हाताचं मधलं बोट ठेवलं. जो आवाज निघाला तो कुठल्याच सप्तकातला नव्हता.

ताशावाल्या पोरांपैकी एक फिसकन हसला.

मी क्लॅरिनेट तोंडातून काढला आणि पेटीत ठेवायला वाकले.

"काऊन हासतं बे?" मास्तर त्या पोराला म्हणाले, आवाज अजिबात न चढवता. "माह्याकडं शिकाले आला तवाची तुही पहिली फुक मले आठवते. कुत्रं पळालं होतं दारातलं, दोन दिवस आलं नाही."

आता बाकीची दोघं हसली, त्याच्यावर. तोही हसला. "तीन दिवस, मास्तर," तो म्हणाला.

मास्तर उठून माझ्या बाजूला आले. हातातल्या पत्तीचं टोक त्यांनी हवेतच माझ्या उजव्या हाताकडे दाखवलं. "मधलं नाही. ते सतरावाल्याचं. इथं पहिलं ठेव, मधलं उचल. बस, एवढंच."

मी पहिलं बोट ठेवलं, मधलं उचललं आणि फुंकलं. सूर बसला. एखादी फिटिंग आट्यांवर नीट बसते आणि हाताला कळतं, तसा. मी पुढे चढत गेले, सातव्यापर्यंत.

या सगळ्याला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. पण तीन महिन्यांत माझं एक तरी बोट चुकीचं आहे असं मला कोणी म्हटलं नव्हतं. चुकत नव्हते म्हणून नव्हे. कोणी ऐकतच नव्हतं म्हणून. मी क्लॅरिनेट खाली घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ढोलक्यांकडे नाही, दाराकडे तोंड करून उभी आहे. मास्तरांनी दाखवलं तेव्हा वळले असेन.

"मंग?" दुकानदार म्हणाला. "सतरावाला बांधू ना?"

"नाही," मी म्हणाले. "मले हाच पाह्यजे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, "पण ह्याची ती जोडणी ढिली हाय."

"ते होते, भाऊ. बँडवाले तिथं मेणाचा दोरा गुंडाळतात."

"दोरा?" पप्पांनी खिशात हात घातला आणि नळाच्या आट्यांना लावायची पांढरी टेप काढली. ती त्यांच्या खिशात कायम असते, इतरांच्या खिशात रुमाल असतो तशी. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी जोडणीच्या बुचावर तिचे चार वेढे दिले, अंगठ्याने दाबले, आणि तुकडा दुसऱ्यात फिरवत बसवला. मग परत तोंड लावून हवा ओढली. टप्.

मास्तरांनी क्लॅरिनेट हातात घेतला, जोडणी हलवून पाहिली. हलली नाही. त्यांनी ती नखाने खरवडून पाहिली. चाळीस वर्षं दोरा गुंडाळणाऱ्या माणसाचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला.

"भाऊ," ते शेवटी म्हणाले, "हे एक गुंडाळं मले मिळीन का?"

"एक काय, डबाच घेऊन जा," पप्पा म्हणाले. त्या दिवशी त्या दुकानात सर्वांत मोठी खरेदी झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

घरी मम्मीने पेटी उघडली, सगळे तुकडे मोजल्यासारखे पाहिले आणि म्हणाली, "आलं का सगळं एकदाचं?" मग हात पदराला पुसून एका चावीवर बोट ठेवून पाहिलं. चावी उघडली, मिटली. तिने परत एकदा उघडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पा येतो म्हणत होते, मी नको म्हणाले. मोताळ्यापर्यंत एसटीने गेले, तिथून जीपने. रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या पुढे उतरून कोणालाही मास्तरांचं घर विचारायचं, असं मला सांगितलं होतं. मी प्रश्न जीपमध्येच मनात लावून ठेवला होता, दोनदा. पण विचारावा लागला नाही. माझ्या हातातली पेटी पाहून एका दुकानातल्या बाईने स्वतःच हात करून गल्ली दाखवली.

मास्तरांचं अंगण शेणाने सारवलेलं होतं. एका बाजूला त्यांची बायको मिरच्या निवडत बसली होती. तिने मला "बस व माय" म्हटलं आणि परत मिरच्यांकडे वळली. मी ज्या प्रश्नांची उत्तरं तयार करून आले होते, त्यातला एकही कोणी विचारला नाही. मास्तर खाटेवर बसून एका पत्तीचं टोक ब्लेडने तासत होते.

"चढ," ते म्हणाले.

मी फुंकलं. मोकळ्या अंगणात आवाज गोदामातल्यापेक्षा लहान झाला, भिंतीवरून पलीकडे गेला. तिसऱ्या सुरावर मधलं बोट सवयीने गेलंच, आणि तो ओळखीचा, कुठल्याच सप्तकात नसलेला आवाज निघाला. मी थांबले. मिरच्या निवडणारे हात थांबले नाहीत.

"पुन्हा," मास्तर पत्तीवरून नजर न काढता म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी बोट बरोबर पडलं, पण पाचव्याला श्वास संपला.

"पुन्हा."

त्यानंतर आजवर कितीतरी रविवार झाले. मास्तरांनी मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. पाऊण इंची पाइप अजून माझ्या टेबलावर आहे. आता त्याच्या लाल चाव्यांवर हेडफोन अडकवलेला असतो.

त्या पहिल्या रविवारी तिसऱ्यांदा मी सातव्यापर्यंत पोहोचले आणि थांबून मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी तासलेली पत्ती उजेडात धरली, पाहिली, आणि नापसंत करून बाजूला ठेवली.

"पुन्हा," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि चहा ठेवायला उठली, म्हणजे अजून बराच वेळ होता.